प्रत्येकीची टाकी वेगळी

चाचणी संपली. कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर दोन मुली चपला घालत होत्या.

"तुझं किती आलं गं?" एकीने सवयीने विचारलं.

"माझी टाकीच वेगळी होती," दुसरी म्हणाली.

पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. दोघी निमूटपणे निघून गेल्या.

ही ऑनलाइन चाचणी मीच बनवलेली. गणितातल्या पाण्याच्या टाकीची त्रिज्या आणि उंची संगणक प्रत्येकीला वेगळी देतो. आधी घनफळ काढायचं, मग त्याच मापांवरून टाकी भरायला लागणारा वेळ. शेजारणीच्या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. कॉपी मुळापासून बंद.

मी शाळेत असताना आमचा पेपर सुटला की फाटकापर्यंत उत्तरांवरून भांडण चालायचं. कुणीतरी रस्त्यातच खडूच्या तुकड्याने गणित पुन्हा मांडायचं आणि जिचं चुकलं तिला तिथेच कळायचं, कुठे चुकलं ते. ते कुणी शिकवणं नव्हतं, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आता पडद्यावर लाल फुली येते. फुलीशी भांडणार कशी?

मुख्याध्यापक माझ्याशेजारी उभे राहून त्या पाठमोऱ्या मुलींकडे कौतुकाने पाहत होते.

"बघा बाई," ते म्हणाले, "पोरींना शिस्तही लागली."