निवळ येईपर्यंत

चूक माझीच होती. मुलीने नळ वाहता सोडला म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली. "बाबा, गढूळ येतंय," ती सांगत होती. मी बादलीत पाहिलंच नाही. आता ती नोकरीला परगावी असते आणि फोन आईलाच करते. 'बाबा' ही हाक ऐकायला कान आसुसलेत.

आज कोपऱ्यावर पालिकेची माणसं जमिनीखालची जलवाहिनी धूत होती. तांबडं पाणी रस्त्यावर धावत होतं.

"अहो, केवढी नासाडी!" शेजारचे काका ओरडले.

"पिऊन बघता का, काका?" कामगार हसला. "निवळ येईपर्यंत सोडावंच लागतं."

पाणी निवळेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. मग मुलीला फोन लावला. आधी हवा, जेवण असलंच काहीबाही बोललो.

"सोनू, त्या दिवशी तू नळ बरोबर सोडला होतास. मी चुकलो."