शंकाबाईंनी अडवलेली फाइल

हॉस्पिटलच्या आमच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांना सगळे शंकाबाई म्हणतात. तोंडावर अर्थातच ताई. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारी, कुलूप लावल्यावर जिना उतरून पुन्हा वर चढणारी ही बाई. त्यांचे यजमान तर सांगतात, "लग्नाच्या कागदावर सही करण्याआधी हिनं नवऱ्याचं नाव दोनदा वाचलं, आणि तरी खात्री पटली नाही."

डॉक्टर जो आजार लिहितात त्याला ठरलेला आकडा लावायचा, हे आमचं काम. याला कोडिंग म्हणतात. ताई नवजात बाळांच्या फाइली बघतात, बावीस वर्षं झाली. ते टेबल कुणी आपणहून मागत नाही. कारण आईच्या पोटातच एखाद्या औषधाची सवय लागून जन्मलेली बाळंही त्यात येतात. नाळ तुटली की औषध तुटतं. मग बाळ थरथरतं, कर्कश रडतं, दूध धरत नाही. 

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ताईंनी अशाच एका बाळाला घाईत चुकीचा आकडा लावला होता. सहा वर्षांनी त्याची आई शाळेतला आरोग्याचा कागद घेऊन आमच्या खिडकीशी उभी राहिली. त्यावर 'आईचं व्यसन' अजून होतंच. तेव्हापासून ताई ताकही फुंकून पितात. आम्ही हसतो, त्या हसत नाहीत.

त्या मंगळवारी सकाळी अकराला एक फाइल आली. तीन दिवसांची मुलगी. डॉक्टरांनी लिहिलं होतं, आईच्या व्यसनामुळे बाळाला औषध तुटल्याचा त्रास. बालसंरक्षण कार्यालयाच्या बाई तीन वाजता फाइल बघायला येणार होत्या. तोवर बाळ आईच्या हाती द्यायचं नाही, असं वॉर्डात सांगून ठेवलेलं. फाइल तशीच त्यांच्यापुढे गेली असती तर बाळ थेट संस्थेत.

मी असते तर पाच मिनिटांत आकडा टाकून मोकळी झाले असते. ताई मात्र फाइल मागून पुढे वाचतात. आधी नर्सच्या नोंदी, डॉक्टर सगळ्यात शेवटी. "डॉक्टर ठरवलेलं लिहितात, नर्स दिसलेलं लिहिते," असं त्यांचं म्हणणं. एका नर्सनं लिहिलं होतं, आईच्या पाठीला पट्टा आहे, वाकता येत नाही.

"पट्टा कशाला?" ताई म्हणाल्या.

"कंबर दुखत असेल," मी म्हणाले. "सुतावरून स्वर्ग गाठू नका."

"स्वर्ग नको मला. हाडांच्या विभागातली फाइल बघू."

ती मिळेना. बाळाची आई कळा सुरू झालेल्या अवस्थेत आली, तेव्हा घाईत तिचा नवाच नंबर काढला होता आणि जुनी फाइल त्याला जोडायची राहिली होती. ताईंनी तिच्या जन्मतारखेवरून शोधून काढली. पाच महिन्यांपूर्वी ही बाई जिन्यावरून पडली होती. मणका मोडला होता. दुखणं सोसवेना, म्हणून आमच्याच डॉक्टरांनी तिला अफूच्या जातीतली गोळी दिली होती. गरोदर आहे हे माहीत असून, प्रसूतीच्या डॉक्टरांना विचारून, मोजून मापून.

दाखल करतानाच्या फॉर्मवर एकच चौकट असते, अशी औषधं घेता का? तिनं खरं ते सांगितलं, हो. कुणी दिली, हे लिहायला तिथे जागाच नाही. डॉक्टरांनी खूण बघितली आणि व्यसन लिहून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

"मग लावा की दुसरा आकडा," मी म्हणाले. "उपचारातल्या औषधाचा वेगळा आहेच."

"मी डॉक्टर आहे का?"

"पण खरं तेच आहे ना?"

"असेल. तसं लिहिलेलं नाही."

असा राग आला म्हणून सांगू. पण नियमच तसा आहे. आम्ही आपल्या मनानं आकडा बदलायचा नाही. डॉक्टरांना फक्त प्रश्न लिहून पाठवायचा, तोही उत्तर न सुचवता. आणि उत्तराला मुदत दोन दिवस. घड्याळात सव्वा वाजला होता. ताईंनी चार ओळी लिहिल्या, दोनदा खोडल्या, डबा तसाच झाकून ठेवला आणि तो प्रश्न व हाडांच्या फाइलीतले दोन कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाल्या. राग गिळून मीही मागोमाग.

बाळांच्या डॉक्टर तरुण आणि आधीच वैतागलेल्या. "म्हणजे मी काय लिहायचं ते आता रेकॉर्ड रूम सांगणार?"

"नाही मॅडम. तुम्ही लिहाल तेच मी लावणार. व्यसन लिहिलंत तर व्यसन. फक्त हे दोन कागद वाचून लिहा."

त्यांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्ची ओढून बसल्या. हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी कधीपासून, किती, सगळं विचारलं. फोन ठेवून हळूच म्हणाल्या, "हे माझ्यासमोर आलंच नव्हतं."

"त्याबद्दल शंका नाही," ताई म्हणाल्या. मला एरवी हसू आवरलं नसतं.

डॉक्टरांनी नवी नोंद लिहिली, तारीख, वेळ, सही. बालसंरक्षणवाल्या बाईंना फोन केला, नर्सला बोलावून सांगितलं. अडीच वाजले होते. माझ्या जिवात जीव आला, आणि खोटं कशाला बोलू, डोळेही भरून आले.

वॉर्डच्या दाराशी ती आई भिंतीला धरून उभी होती. ताईंच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, "ताई, माझं बाळ माझ्याकडे कधी देणार हो? नुसतं थांबा थांबा म्हणतात. माझ्या गोळ्यांनी तिला फार काही झालंय का?"

तिच्यावर कसला आळ होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

लिहिलेलं नसेल ते बोलायचं नाही, असा ताईंचा खाक्या. आता लिहून झालं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचं काहीही चुकलेलं नाही. देतायत आता."

नर्स बाळ घेऊन आली. आईला वाकून घेता येईना. ताईंनी हात धुतले, पुन्हा एकदा धुतले आणि बाळ आपल्याकडे घेऊन तिच्या कुशीत ठेवलं. बावीस वर्षं ज्यांच्या फाइली वाचल्या, त्यांतलं एक बाळ त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलं होतं.