अंगणातल्या नळाची मालकीण

सकाळी उठल्यावर माझ्या सासूबाई आधी अंगणात जायच्या आणि बंद नळाखाली तळहात धरून उभ्या राहायच्या. तळहात कोरडा राहिला की मग चहा. थेंब पडला तर चहा थांबायचा आणि पाना निघायचा. मी लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा मला याचं हसू यायचं. इथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि तोवर टाकीतलंच पुरवायचं असतं, हे कळल्यावर हसू थांबलं.

सासरे गेले त्या वर्षी हाच नळ सारखा गळत होता. ‘एका वायसरसाठी कोण येते?’ म्हणत प्लंबर टाळत राहिला. एक दिवस आईंनी टाकीखालचा कॉक बंद केला, नळ खोलला, झिजलेला रबरी वायसर मुठीत धरून दुकानात गेल्या आणि तसाच नवा घेऊन आल्या. त्यानंतर आमच्याकडे प्लंबर आला नाही. मी नळ करकचून बंद केला की घरातून आईंचा आवाज यायचा, “पिरगाळू नोको वं! पाणी थांबलं की हात काढाचा.”

माझ्या नणंदेला, सुषमाला, पाहायला वरूडहून मंडळी आली तो भर मे महिना होता. संत्र्याच्या बागा असलेलं तालेवार घर. मुलाचे मामा पाय धुवायला अंगणात गेले आणि त्यांनी असा जोर लावला की नळाचं डोकंच हातात आलं. कारंजं थेट त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर! माझा नवरा फोन शोधत धावला. आईंनी कॉक बंद केला, ठेवणीतल्या पातळाचा पदर खोचला आणि पाना घेऊन ओल्या फरशीवर बसल्या.

“आई, राहू दे ना. पाहुणे पाहून राहिले,” नवरा कुजबुजला.

“पाहू दे. पाहालेच आले ते.”

मामा सदरा पिळत म्हणाले, “बाई, तुमी कावून करता हे? घरात माणसं नाहीत का?”

“हायेत ना. मी कोण हाय?”

तेवढ्यात सुषमा नव्या साडीत, कोणी न बोलावता बाहेर आली. भिंतीतला पाइप हलून तुटू नये म्हणून तिने तो दुसऱ्या पान्याने धरला. आईंनी मोडका नळ काढला, घरात राखून ठेवलेल्या नव्या नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळून तो बसवला. कॉक उघडला. थेंबसुद्धा नाही! दारात पोह्यांचा ट्रे धरून उभी असलेली मी अभिमानाने अशी ताठ झाले, जणू नळ मीच बसवला होता.

“पोरगी पसंत हाय आमाले,” मामा तिथेच म्हणाले.

“थांबा भाऊ. पोरीनं पोराले पाहिलं कुठी अजून? ती नळ पाहून राहिली होती.”

सगळ्यांत आधी मुलगाच हसला. सुषमाने तेव्हा कुठे मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ती पुढे मला म्हणाली, त्या हसण्यावरच तिचं ठरलं.

आई गेल्या, त्यालाही आता दोन वर्षं होतील. पण मला अजून आठवतं, सुषमाचं लग्न ठरल्यानंतर विहीणबाईंचा पहिला फोन आला, तो मी उचलला होता. देण्याघेण्याचं काही असेल असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “लग्नाचं मंग बोलू. आमचा अंगणातला नळ गळून राहिला. तुया सासूले दे.”

आईंनी फोन घेतला, ऐकलं आणि खुर्चीत सरसावून बसल्या.

“भिऊ नका, विहीणबाई. खोला. मी हाय ना फोनवर.”