प्रक्षेपकावरचं कुंकू

माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये जुने टीव्ही आहेत, असं धाराशिवात सगळ्यांना वाटतं. टीव्ही नाहीत. टीव्हीकडे कार्यक्रम पाठवणारी यंत्रं आहेत. स्टुडिओतले कॅमेरे, टेप फिरवणारी धुडं, असलं सामान. हा फरक मला रोज कुणाला तरी सांगावा लागतो आणि मी तो सांगत नाही, खेकसतो. बायको म्हणते, माणसांपेक्षा डबड्यांशी गोड बोलता. खरं आहे. डबडी उलट बोलत नाहीत.

सगळ्यांत माझा जीव होता तो प्रक्षेपकावर, म्हणजे ट्रान्समीटरवर. जिल्ह्यातलं एक छोटं प्रक्षेपण केंद्र बंद पडलं, सामान भंगारात गेलं, तिथून हे कपाटाएवढं यंत्र मी उचलून आणलं. पुढच्या पत्र्यावर प्रत्येक बटणापाशी कुंकवाचे तेलकट ठिपके वाळले होते. अडाण्यांनी यंत्राचा म्हसोबा करून टाकलाय, असं पुटपुटत मी चार दिवस स्पिरिट लावून पत्रा घासला. नव्यासारखा निघाला. मी स्वतःवरच खूश झालो.

हे यंत्र ज्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवलं, ते म्हातारे येरमाळ्याला राहायचे. नात्याचे नव्हेत, पण वयानं मोठे म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. खबर लागली तसे ते एसटीनं आले आणि दारातूनच यंत्राला हात जोडले. काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती.

"डॉक्टर म्हणतेत, वरीसभरात उजेड जाईल," ते म्हणाले. "तेच्या आत एक डाव माझ्या हातानं चालू करून बघू द्या. दुसरं कायबी मागत न्हाय."

मी हो म्हणालो. त्यात दया नव्हती. ते यंत्र चालवणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं, आणि मला ते चालू असलेलं लोकांना दाखवायचं होतं. खंडेनवमीचा दिवस त्यांनीच काढला, कारण त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मी पुण्याहून दोन संग्राहक बोलावले. आतला मोठा व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारखा पेटणारा दिवा, मूळचा होता. बटण चुकीच्या जागी गेलं तर तो जळणार, आणि तसा दुसरा कुठं मिळत नव्हता.

मामा नारळ आणि झेंडूचा हार घेऊन आले. पत्र्याला नाक टेकेल इतके जवळ गेले, बोटं फिरवली आणि थांबले.

"ठिपके कुठं गेले?"

मग त्यांनी सांगितलं. दरसाल खंडेनवमीला ते चित्र स्वच्छ होईपर्यंत यंत्र लावून घ्यायचे आणि बटणाचा काटा जिथं थांबेल तिथं कुंकू लावायचे. पत्र्यावर पेनानं खूण केलेली साहेबांना चालत नसे. कुंकवाला नको म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. पूजाही व्हायची, खूणही राहायची.

पुण्याची माणसं कान देऊन ऐकत होती. मी म्हणालो, "माझ्याकडं आला तेव्हा पत्रा कोराच होता. भंगारवाल्यानं पुसले असतील. तुमच्या हाताला आठवत असेल की."

"लई वर्सं झाली."

"मग राहू द्या."

पुन्हा संधी मिळणार नाही हे त्यांना कळलं. "न्हाय, करतो," ते घाईनं म्हणाले. पंखा घुरघुरला, मीटरचे काटे हलले. त्या अधू डोळ्यांनाही ते दिसलं असावं, कारण ते लहान पोरासारखे हसले. पहिलं बटण फिरवलं. दुसरं फिरवलं. टक्कन आवाज झाला आणि जळका वास आला. व्हॉल्व्ह गेला होता.

मी ओरडलो नाही. पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणालो, "म्हणजे मामा, काम तुम्हाला कधी येतच नव्हतं. ठिपके बघून पगार घेतलात."

पाहुण्यांतला एक हसला. मामांनी नारळ पिशवीत ठेवला आणि चाचपडत स्टँडकडं निघाले. मी त्यांना रिक्षासुद्धा करून दिली नाही.

पाहुणे गेल्यावर मोबाइल चाळताना मला घासण्याआधीचे फोटो सापडले. मीच काढलेले, आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं हे मिरवायला. एकेक ठिपका स्पष्ट दिसत होता. मामांनी पहिलं बटण बरोबर ठिपक्याच्या जागी नेलं होतं. दुसरं अर्ध्या बोटानं चुकलं होतं.

पुढं चार महिन्यांनी एका जुन्या कॅमेऱ्याच्या चौकशीला येरमाळ्याला जाणं झालं, म्हणून त्यांच्या घरी डोकावलो. नजर पूर्ण गेली होती. माझा आवाज ऐकून ते बाजेवरून धडपडत उठले आणि मी नव्हतो त्या दिशेला हात जोडले.

"तुमचा जलमाचा ठेवा माझ्या हातानं जळाला. तुमी बोललात ते खरं हाय, मला काम येत नव्हतं. पोरायलाबी सांगितलं म्या तसं."

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. फोटो माझ्या खिशात होते, आणि एका वाक्याचं काम होतं.

"जाऊ द्या मामा," मी म्हणालो. "मी माफ केलं तुम्हाला."