गोल्टीला जुळणारा शब्द

धम्मपाल गांगुर्डे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. नाशिकहून कारखान्याच्या बसने जाताना बाकीचे डुलक्या घेत, हा खिडकीशी बसून ओठातल्या ओठात शब्द जुळवत राही. कॉलनीच्या गायन पार्टीची सगळी गाणी त्याच्याच हातची. यमक अडलं की त्याला जेवण गोड लागत नसे. शब्द सापडला की तेल-ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी तो खिशातल्या डायरीत उतरवून घेई.

या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमासाठी त्याने आईवर गाणं लिहायला घेतलं. धोंडाबाईंनी नामपूरला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडून त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं. पहिलीच ओळ झकास जमली, ‘कांद्याची पाटी डोईवरून पडली.’ पुढे मात्र गाडी रुतली. मुलगी राखी मोबाइलवर शोधून एकेक शब्द सांगू लागली. ‘घडली, अडली, दडली, रडली...’

‘‘थांब,’’ धम्मपाल म्हणाला. ‘‘बांधावर बसून माय माझी रडली. झालं.’’

राखीने लगेच चालीवर म्हणून पाहिलं. तिचा गळा असा, की धम्मपालच्याच डोळ्यांत पाणी आलं. पलीकडे लसूण सोलत बसलेल्या धोंडाबाईंचे हात थांबले. नाशकात येऊन तीस वर्षं झाली तरी मनाला लागलं की त्यांच्या तोंडी अहिराणीच येई.

‘‘मी कव्हय रडनू रे, भाऊ? हाई खोटं शे.’’

‘‘अगं आई, गाण्यात चालतं. यमक जुळायला लागतं.’’

‘‘मग तुझं यमक जुळावं म्हणून मी रडायचं?’’ म्हातारी शांतपणे म्हणाली. ‘‘पाटी पण कधी पडली नाही माझी.’’

धम्मपाल ओशाळला. डायरी मिटून तो आईजवळ जाऊन बसला. ‘‘मग तुम्ही बायका दिवसभर करायचात तरी काय तिथे?’’

‘‘शब्द खेळायचो,’’ धोंडाबाई म्हणाल्या. ‘‘दहा बायका रांगेत बसलेल्या. हात कांद्यावर, तोंड मोकळं. एकीने शब्द टाकायचा, दुसरीने जोडी लावायची. एकदा अक्काबाईने बारक्या कांद्यावरून ‘गोल्टी’ टाकला. दोन दिवस कुणाला जोडी सापडेना. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘बोलती’. त्यावरून केवढं भांडण, जुळतंय का नाही.’’

‘‘काटेकोर म्हटलं तर नाही जुळत,’’ धम्मपालच्या तोंडून निघून गेलं.

‘‘तू पण अक्काबाईसारखाच,’’ म्हातारी हसली.

हा नाद आपला आपल्यालाच लागला, असं धम्मपाल आजवर समजत होता. आईला अक्षर येत नाही, म्हणून त्याने तिला आपलं एकही गाणं कधी वाचून दाखवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दोघं मायलेक समोरासमोर बसले. तिने ‘निवड’ टाकला, त्याने ‘सवड’ लावला, तिने ‘आवड’. जयंतीला राखी स्टेजवर गायली:

हाताला निवड, तोंडाला सवड,
माझ्या मायला शब्दांची आवड.

धोंडाबाई पांढरं लुगडं नेसून पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या. शेजारच्या बाईने विचारलं, ‘‘तुमच्यावरच ना हे?’’

‘‘माझ्यावर आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि अर्धं मीच केलंय.’’