नखाएवढा तुकडा

मेस्तकाका छत्रीसुद्धा टोक जमिनीकडे करूनच धरत. काठी, फवारणीचा पंप, घडी करून गुंडाळलेलं वर्तमानपत्र, हातात लांबट काही आलं की त्याचं तोंड आपसूक खाली जाई. एका चतुर्थीला माझ्या भावाने टिकल्यांची बंदूक त्यांच्यावर रोखली, तर त्यांनी एका बोटाने तिची नळी खाली वळवली आणि म्हणाले, "जमनीर मारलंस तर कोण मरचो ना, बाबू." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

आमच्याकडे सुतार, लोहार, गवंडी, सगळ्यांनाच मेस्त म्हणतात. हे बंदुकांचे मेस्त. डिचोलीच्या बाजारामागे त्यांचं दीड खणाचं दुकान होतं आणि दुरुस्तीचा सरकारी परवाना काच लावून भिंतीवर टांगलेला होता. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे बागायतदार. रानडुकरं नि माकडं माडापोफळींच्या कुळागरात शिरली की हवेत बार काढून त्यांना हुसकायचं, एवढ्यापुरत्या त्या बंदुका. खंडेनवमीला हे सगळे आपापली बंदूक घेऊन येत, मेस्तकाका प्रत्येकीला तेल देत आणि मगच ती घरी पूजेला जाई. निवडणूक लागली की बंदुका पोलिसांत जमा कराव्या लागतात. तेव्हा ते त्यांना लेकी सासरी पाठवाव्यात तशा पुसूनपासून, जुन्या धडुतात गुंडाळून पाठवत. परत आल्यावर गंज दिसला तर दिवसभर कुणाशी धड बोलत नसत.

त्यांची एक परीक्षा होती. दुरुस्त झालेली बंदूक रिकामी करायची, घोडा ताणून ठेवायचा आणि लाकडी हातोडीने दस्त्यावर टकटक मारायची. चाप न ओढता घोडा पडला तर बंदूक नापास. नापास बंदूक ते मालकाला परत देत नसत, मग तो मालक कुणी का असेना. तरुणपणी त्यांनी कुणीतरी आणून दिलेला एक जुना भाग विश्वासाने बसवला होता. त्यामुळे बंदूक आपोआप सुटली आणि पेडण्याच्या एका माणसाचा पाय कायमचा गेला. तो भाग कुठून आला, कुणी बनवला, काहीच कळलं नाही. तेव्हापासून कागद असल्याशिवाय ते स्क्रूदेखील घेत नसत. लोक चिडवत, मेस्ताला जेवणाआधी केळीच्या पानाचाही परवाना लागतो म्हणून. ते शांतपणे सांगत, "कागदार कोणाचें तरी नांव आसता. उद्यां काय जालें तर तेका विचारूंक येता. बिनकागदाच्या वस्तूक कोण विचारतलो?"

बाबा आणि मेस्तकाका शाळेपासूनचे दोस्त. रोज सकाळी बाजारातल्या एका हॉटेलात पातळ भाजी आणि उंडे पाव खाल्ल्याशिवाय दोघांचा दिवस सुरू होत नसे. आमची बंदूक आजोबांची, इंग्लंडमध्ये बनलेली दुनळी. बाबांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे असं आई म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. एका खंडेनवमीला तीच बंदूक नापास झाली. चाप ओढेपर्यंत घोड्याला अडवून धरणारा आतला तुकडा झिजला होता. नखाएवढा पोलादी तुकडा, पण तो सरकला की बंदूक स्वतःच्या मर्जीने सुटणार. मेस्तकाकांनी दोनदा तसा तुकडा घडवून पाहिला, दोन्ही वेळा बंदूक नापास झाली.

"दी हांगा ती. तीस वर्सां माज्या खांद्यार आसा. तेन्ना सुटली ना ती आताच सुटतली?" बाबा म्हणाले.

"बंदूक तुजी. पण ती सुटली तर नांव माजें," मेस्तकाका म्हणाले आणि त्यांनी बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बाबांनी दुसऱ्या दिवसापासून हॉटेल बदललं. कुळागरात डुकरं येत राहिली, बाबा डबे वाजवत फिरत आणि डब्यागणिक मेस्तकाकांचा उद्धार करत. साठी उलटलेले दोन पुरुष रस्त्यात समोरासमोर आले की एकजण पलीकडच्या फुटपाथवर जाई. मला ते बघवत नसे.

मी इंग्लंडला परिचारिका आहे. मेस्तकाकांनी फोन करून विचारलं की त्या जुन्या कंपनीचे सुटे भाग तिकडे मिळतात का. मी जुन्या बंदुकांच्या एका दुकानात गेले. दुकानदार भला होता. तुकडा त्याच्या खणात होता, त्याने तो मला दाखवलाही. पण बंदुकीचा भाग देशाबाहेर न्यायचा तर आधी तुमच्या सरकारची आयातीची परवानगी आणि मग आमच्या सरकारची निर्यातीची, एवढं म्हणून त्याने खण बंद केला. मी मेस्तकाकांना सांगितलं. ते खूश झाले. बरोबर दुकानात गेलीस म्हणाले.

त्यांनी अर्ज केला. तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला आणि आठ महिन्यांनी एक प्रश्न घेऊन परत आला: सदर भागावरील कारखान्याचा क्रमांक कळवावा. नखाएवढ्या तुकड्यावर क्रमांक कुठून असणार? मेस्तकाकांनी तुकड्याचं चित्र काढून, मापं घालून उत्तर पाठवलं. मग पुन्हा एक प्रश्न. अशी दोन वर्षं गेली. दर फोनला ते "येतलो, येतलो कागद" म्हणत आणि दर फोनला त्यांचा आवाज मला थोडा अधिक म्हातारा वाटे.

शेवटी माझा धीर सुटला. माझ्या एका पेशंटच्या नवऱ्याकडे त्याच कंपनीची मोडकी बंदूक होती. त्याने तिच्यातला तुकडा काढून मला सहज भेट दिला आणि मी तो सामानात घालून आणला. मोपाच्या विमानतळाबाहेर येईपर्यंत मी चारदा बॅग चाचपली. पण दोन म्हातारे पुन्हा एका टेबलावर बसतील, या आनंदात मी घरी न जाता सरळ दुकानात गेले.

त्यांनी तुकडा तळहातावर घेतला, भिंग लावलं, बंदूक उघडून तो बसवला. घोडा ताणला आणि हातोडीने दस्त्यावर टकटक केली. घोडा जागचा हलला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "हेचो कागद?"

मी पिशवीची चेन लावू लागले.

"खंयसून हाडलंस गो?"

तो कुठून, कसा आणला ते मी सगळं सांगितलं. मग त्यांनी बंदूक पुन्हा उघडली आणि तुकडा काढून घेतला. "हेका आता कागद करूंक गेलंय तर कागदार तुजें नांव पडतलें. नोकरी जातली तुजी, बाय. आनी बिनकागदाचो हो माज्या दुकानात रवचो ना." त्यांनी तुकडा ऐरणीवर ठेवला आणि मोठ्या घणाने ठेचला. चार घाव लागले. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याचा चुरा त्यांनी स्वतःच्या हाताने केला. "बापाशीक सांगू नको," ते म्हणाले. "तुकडो मेळूंक ना म्हणान मीच सांगतंय."

त्यांनी तसंच सांगितलं. बाबांनी भर बाजारात त्यांना हट्टी, नालायक, काय वाटेल ते म्हटलं. मेस्तकाका खाली मान घालून ऐकत राहिले. मी तिथेच भाजी घेत उभी होते.

गेल्या वर्षी मेस्तकाका गेले. दुकान बंद झालं, कपाटातल्या बंदुका पोलिसांत जमा झाल्या. आमचीही गेली. बाबा अंत्ययात्रेला गेले नाहीत. मी चतुर्थीला आले तेव्हा मला ते सहन होईना आणि मी बाबांना सगळं सांगितलं. तुकडा आला होता, बसला होता, आणि काकांनी तो माझ्यापायी ठेचला.

बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "तो जितो आसतना कित्याक सांगूंक ना?"

काकांनी नको सांगितलं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं कारण नव्हतं. मला भीती वाटली होती. बाबांना कळलं की बाजाराला कळेल, बाजाराला कळलं की माझी नोकरी जाईल. म्हणून मी एका चांगल्या माणसाला शिव्या खाऊ दिल्या. मी बाबांना तसंच सांगितलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. उठून आत गेले, आणि त्या दिवसापासून बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात.