झग्यातली मुलीची आई

सिडनीतल्या एका गॅलरीत अठराव्या शतकातल्या बाईचं पोर्ट्रेट आहे. रेशमी झगा, मोत्यांचे सर, ताठ मान. त्यासमोर साडीवर स्नीकर्स घातलेल्या एक मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून म्हणाल्या, "मुलीची आई असणार ही. नटून उभं राहायचं आणि कन्यादान होईपर्यंत उपाशी! चेहरा बघ ना."

त्यांनी पर्समधून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला, तसा गार्ड धावत आला. "नो फूड, प्लीज."

"अरे, हिला नाही, तुला! तूही मघापासून उभाच आहेस," असं मराठीतच सांगून मावशींनी लाडू त्याच्या हातात कोंबला.

गार्डने इकडेतिकडे पाहिलं आणि अख्खा लाडू तोंडात टाकला.

चित्रातल्या बाईचा चेहरा मला आणखीच उतरलेला दिसला.